गडग्यावरचा निवडुंग

(दृश्य : जांभ्याचा गडगा, त्यावर झुकलेली हिरवीगार वेल. मागे फणस.)

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या या परड्याच्या कुंपणात एक निवडुंग आहे. डावीकडचा शेर नव्हे. त्याच्यामागं उभी असलेली त्रिधारही नव्हे. त्या दोघांची फांदी मोडली की पांढरा चीक गळतो. ती एरंडाच्या कुळातली झाडं, अमेरिकेतल्या निवडुंगांशी त्यांचं काही नातं नाही.

निवडुंग आहे तो गडग्यावरून पलीकडं जाऊन फणसावर चढलेला. चकचकीत पानं, आखूड देठ, पानाच्या मधोमध ठसठशीत शीर. एखादी रानवेल म्हणून कुणीही पुढं जाईल. शास्त्रीय नाव पेरेस्किया अक्युलिआटा. मूळ गाव कॅरिबियन बेटं आणि दक्षिण अमेरिकेचा उष्ण भाग. आधार मिळाला तर दहा मीटरपर्यंत चढते.

(दृश्य : कोवळा शेंडा, अगदी जवळून.)

चढते कशी, ते इथं बघा. पानाच्या बगलेत दोन काटे आहेत, मांजराच्या नखांसारखे, टोकं खाली वळलेली. वाऱ्यानं शेंडा हलला की हे आकडे फणसाच्या सालीत, गडग्याच्या फटीत, सदऱ्याच्या बाहीत, जे सापडेल त्यात अडकतात. फांदी पुढं सरकते, मागं मात्र येत नाही. कारल्याच्या वेलीला असतात तशा ताण्या हिला नाहीत. दोन आकड्यांवर सगळं भागतं.

आता तिथंच थोडं थांबू, कारण खरी ओळख त्या आकड्यांच्या बुडाशी आहे. काटे थेट सालीतून फुटलेले नाहीत. बारीक लोकरी केसांची एक छोटी गादी आहे, काटे तिच्यातून आलेत. वनस्पतिशास्त्रज्ञ तिला एरिओल म्हणतात. ही गादी म्हणजे वाढ खुंटलेली एक आखूड फांदी, आणि तिच्यातले काटे म्हणजे रूप पालटलेली पानं. गुलाबाचा काटा बोटानं बाजूला ढकलला की सालीसकट निघतो, कारण तो फक्त वरच्या कातडीचा असतो. बोगनवेलीचा काटा म्हणजे टोक आलेली फांदीच, एका बगलेत एक. दोघांनाही गादी नाही. ती फक्त निवडुंगाला. खोड जाड असो, बारीक असो, पानं असोत, नसोत, एरिओल दिसलं की कूळ ठरलं. दीड हजारांहून जास्त जाती आहेत या कुळात, आणि सगळ्यांची खूण हीच.

(दृश्य : कॅमेरा खाली उतरतो. जुनं, तपकिरी खोड.)

बुंध्याकडं आलं की नखं संपली. इथं सरळ, लांब काट्यांचे झुपके आहेत. फांदी जुनी होते, साल धरते, तरी गादी मरत नाही. वर्षानुवर्षं नवे काटे काढत राहते. म्हणून वेल जेवढी जुनी, तेवढा बुंधा हात लावायला वाईट. घरच्या आजींचं यावर एकच म्हणणं : "काटे लागतात म्हणून वरडतात सगळी. पण आजवर एक म्हस आत शिरली न्हाई बघा."

(दृश्य : नव्या वस्तीतली सिमेंटची भिंत. पुन्हा गडगा.)

शेर, निगडी, घायपात, मेंदी. बेळगावच्या आसपास कुंपणं अशीच असायची, आणि त्यांत मुंगसापासून बुलबुलापर्यंत सगळ्यांची सोय व्हायची. भिंतीत कुणाची होते?

(दृश्य : पानांवर पाऊस.)

निवडुंग म्हटलं की डोळ्यांपुढं रखरखीत माळ येतो. आणि इथं, जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस तर विचारू नका. पण या वेलीला पावसाचं वावडं नाही. तिच्या मुलखातही ती दमट रानात, झाडांच्या कडेनं वाढते. फड्या निवडुंगासारखे बिनपानांचे निवडुंग उन्हात पाणी जाऊ नये म्हणून रंध्रं, म्हणजे अंगावरची बारीक छिद्रं, दिवसा मिटतात आणि रात्री उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतात. हिचा दिनक्रम आंब्या-फणसाचाच. रंध्रं दिवसा उघडी, आणि अन्न पानांत तयार होतं. पाणी फारच तुटलं तर पानं गाळून बसते, एवढीच काय ती काटकसर.

त्यामुळं शास्त्रज्ञांना तिच्यात रस. ओसाड प्रदेशात जाण्याआधी निवडुंग कसे दिसत असतील, याचा अंदाज अशा पानांच्या जातींवरून येतो. ही त्यांची पूर्वज नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. ती आजचीच वनस्पती, फक्त जुन्या वळणाची. 2005 साली डीएनएच्या अभ्यासातून कळलं की पेरेस्किया म्हणून एकत्र बांधलेल्या जातींचे मुळात दोन वेगळे फाटे आहेत. 2013 मध्ये त्यातल्या एका फाट्याला ल्युएनबर्गेरिया हे वेगळं नाव मिळालं, या वनस्पतींवर आयुष्य घालवलेल्या ल्युएनबर्गर यांच्यावरून. आपली वेल जुन्याच नावाखाली राहिली. ते नावही एका फ्रेंच विद्वानाचं, 1637 मध्ये वारलेल्या पेरेस्क यांचं.

आणि जवळचे नातलग कोण म्हणाल तर आपल्या ताटातली घोळ, आणि कुंडीत सकाळी दहाला उमलणारं ऑफिस टाईम. मायाळूही फार लांबची नाही.

(दृश्य : फुलांचा घोस. सातेरी माश्या.)

फुलं मात्र बघत राहावीत अशी. पांढरी, थोडी सायीच्या रंगाकडं झुकणारी, मधे पुंकेसरांची गर्दी, आणि वास इतका की माश्यांना शोधावं लागत नाही. ही सातेरी पुंकेसरांत पार बुडाली आहे. बाहेर येईल तेव्हा पोटऱ्या पिवळ्या झालेल्या असतील.

कळी बाजूनं बघा. बाहेरच्या अंगाला चिमुकली पानं दिसतात. फुलाचा खालचा भाग फांदीच्या टोकात रुतलेला असतो, म्हणजे ते आवरण फांदीचंच, आणि फांदीला पानं येणारच. कोवळ्या फळावरही ती दिसतात, पिकता पिकता गळतात. पिकलेलं फळ पिवळं-नारिंगी, चवीला आंबटसर.

ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतात तर पानंच खातात. ओरा-प्रो-नोबिस या नावानं ती बाजारात येतात आणि कोंबडीच्या रश्शात पडतात. बुळबुळीत असतात, पण प्रथिनं भरपूर. आपल्याकडं रोपवाटिकावाले हिचा उपयोग वेगळाच करतात : खाली पेरेस्कियाचं खोड, वर ख्रिसमस कॅक्टसचं कलम. दोघं एकाच कुळातले, त्यामुळं सांधा धरतो.

(दृश्य : कोयत्यानं छाटणी. खाली पडलेल्या फांद्या.)

एक सांगायलाच हवं. तोडलेला तुकडा जमिनीला टेकला की मूळ धरतो. दक्षिण आफ्रिकेत ही वेल रानांवर पसरून झाडं गुदमरवते. तिला आवरायला 1991 मध्ये ब्राझीलहून पानं खाणारे भुंगेरे आणून सोडावे लागले. आपल्यापासून भीमगडचं अभयारण्य लांब नाही.

म्हणून छाटलेलं ओढ्याकाठी टाकायचं नाही, मलप्रभेच्या काठी तर नाहीच. कुंपण लावायचं तर ते गडग्यापुरतं, आणि शेजारी उंच झाड नसेल तिथं. वर्षातून दोनदा शेंडे मारायचे. फांद्या खडकावर पसरून कडक वाळवायच्या, मग चुलीत. आणि कोयता लांब दांड्याचा घ्या, नाहीतर बाही गेलीच समजा.