‘सुधारित’ म्हणजे घरचं बी धरता येतं

ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे शंभर दाणे. दहा ओळी, ओळीत दहा. जालना जिल्ह्यातलं हे अंगण, मृगाला आठवडा उरलाय. दाणे मांडता मांडता मावशी सांगतात, ‘‘सुधारलेलं बी हाय. पण घरचं.’’

हा शब्द मराठवाड्यात रोजच्या तोंडचा. तापातून उठलेलं लेकरू सुधारतं. पेंड मिळाली की बैल सुधारतो. तलावातला गाळ टाकला की हलकं रान सुधारतं. बियाण्याच्या पिशवीवर मात्र ‘सुधारित’ला पक्का अर्थ आहे: निवडून निवडून स्थिर केलेला वाण, ज्याचा गुण पुढच्या पिढीतही उतरतो. बदनापूरची ‘बीडीएन 711’ तूर, परभणी कृषी विद्यापीठाची ‘परभणी मोती’ ज्वारी, ‘एमएयूएस 71’ सोयाबीन, हे सगळे सुधारित वाण.

दुकानात ‘सुधारित’ आणि ‘संकरित’ एका दमात बोलतात. संकरित म्हणजे दोन वेगळ्या वाणांचा संकर. त्याचं बी घरी धरलं तर पुढच्या वर्षी पीक एकसारखं येत नाही. पिशवी दरसाल विकतच घ्यावी लागते. सुधारित सोयाबीनचं तसं नाही. त्याच्या फुलात परागीभवन आतल्या आतच होतं. म्हणून निळ्या टॅगचं प्रमाणित बी एकदा आणलं, की पुढची दोन-तीन वर्षं घरचं बी चालतं. ही गोष्ट शेतकऱ्याला पिशवी घेतानाच कळायला हवी.

घरचं बी म्हणजे कोपऱ्यात टाकलेलं पोतं नव्हे. हा दाणा जवळून बघा. साल कागदासारखी पातळ, अंकुर लगेच तिच्याखाली. म्हणून मळणी यंत्र हळू फिरवायचं, पोतं आदळायचं नाही, थप्पी उंच लावायची नाही, खाली लाकडी फळ्या टाकायच्या. पेरणीआधी ही उगवण चाचणी. गोणपाटाची गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. शंभरातले सत्तर उगवले तर एकरी 30 किलो बी पुरतं. कमी उगवले तर बियाचं प्रमाण वाढवायचं.

चाचणी न करता पेरलं आणि उगवलं नाही, तर दुबार पेरणी.

आज सातवा दिवस. मावशी गुंडाळी उलगडतात. पांढरे कोंब गोणपाटाच्या धाग्यांत शिरलेत. एकेक बोटानं बाजूला सारत त्या मोजतायत. अडुसष्ट. एकोणसत्तर. सत्तर. अजून दोन ओळी बाकी आहेत.