चारशे ऐंशीला चारशे भारी

(दृश्य: महाल, नागपूर. पहिल्या मजल्यावरचा व्हिडिओ स्टुडिओ. खिडकीत कूलर, टेबलावर वायरींचा गुंता.)

निवेदन:

मे महिना. पारा ४५ च्या पुढे गेलाय, पण लग्नं काही थांबलेली नाहीत. काल रात्रीच्या लग्नात दोन कॅमेरे होते आणि एक ड्रोन. सेकंदाला १०० मेगाबिटवर फोर-के शूट केलं की तासाला ४५ जीबी भरतात. हळदीपासून पाठवणीपर्यंत २०० जीबी सहज होतात. कार्डं मांडवातच लॅपटॉपला लावून सगळं एका छोट्या एसएसडीवर, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या वेगवान ड्राइव्हवर घेतलंय. आता ते स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर उतरतंय. म्हणजे, उतरायला हवं.

"झालं का रे?" दारातून मालक विचारतात.

"कुठलं भाऊ! दीड तास दाखवते अजून."

एसएसडीच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात १० जीबीपीएस, म्हणजे सेकंदाला १० गिगाबिट, छापलेलं आहे. कॉम्प्युटरचं पोर्ट यूएसबी ३.०, म्हणजे ५ जीबीपीएसचं. मग दीड तास कशाला लागावा?

आधी हिशोब समजून घेऊ. खोक्यावरचा आकडा बिटांचा असतो, कॉपी करताना स्क्रीनवर दिसतो तो बाइटांचा. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ५ गिगाबिटचे होतात सेकंदाला ६२५ एमबी. त्यातही यूएसबी ३.० दर आठ बिटांमागे दोन जास्तीचे बिट पाठवते. राहिले ५००. कॉम्प्युटर आणि ड्राइव्ह यांच्यातली विचारपूस वजा केली की हाती येतात ४०० ते ४५०. तेवढे मिळाले तरी २०० जीबी आठेक मिनिटांत उतरतात.

(दृश्य: कपाटातून निघालेल्या मिनी-डीव्ही कॅसेटी, धूळ खाल्लेलं फायरवायर कार्ड.)

छापील आकड्याचा हा घोळ जुनाच आहे. या धंद्यातल्या जुन्या माणसांना फायरवायर आठवत असेल, यूएसबीसारखीच जोडणीची दुसरी पद्धत. कॅसेटवरचं लग्न कॉम्प्युटरवर घ्यायला हे कार्ड मुद्दाम बसवून घ्यायचे, आणि तासाभराच्या कॅसेटला पूर्ण तास द्यावा लागायचा. यूएसबी २.० आली २००० साली. तिचा आकडा सेकंदाला ४८० मेगाबिट. फायरवायरचा ४००. कागदावर यूएसबी पुढे. पण हार्ड डिस्क लावून मोठी फाइल टाकली की बहुतेक वेळा फायरवायरच आधी संपवायची.

कारण कामाच्या पद्धतीत होतं. यूएसबी २.० मध्ये कॉम्प्युटरनं विचारल्याशिवाय ड्राइव्ह बोलत नाही, आणि एका वेळी एकाच बाजूनं बोलणं चालतं. त्या विचारण्यात वेळ जातो. फायरवायरची उपकरणं आपणहून बोलू शकत, प्रोसेसरला फारसं न छेडता माहिती थेट मेमरीत टाकू शकत. यूएसबी २.० कडून प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ४० एमबी मिळायचे, आजही तेवढेच मिळतात. २००३ सालच्या फायरवायर ८०० नं तर त्याच्या दुपटीच्या आसपास मजल मारली. तरी बाजार यूएसबीनंच मारला, कारण ती स्वस्त होती आणि प्रत्येक कॉम्प्युटरला होती. चांगली वस्तू मागं पडायला एवढं पुरतं.

(दृश्य: सीताबर्डी. दुकानाच्या काउंटरवर हार्ड डिस्क.)

"टाइप-सी आहे साहेब, एकदम फास्ट!"

टाइप-सी हा फक्त पिनेचा आकार झाला. खोक्यात छोटी फिरती हार्ड डिस्क असेल तर ती सेकंदाला १०० ते १४० एमबीच्या पुढे फारशी जात नाही. भरत आली की आणखी मंदावते, कारण तबकडीच्या आतल्या भागात एका फेऱ्यात कमी डेटा मावतो. तिला ५ जीबीपीएसचं पोर्ट द्या नाहीतर ४० चं, फरक शून्य. मेमरी कार्डाचंही तेच. यूएचएस-वन या कार्डांच्या नेहमीच्या प्रकाराची ठरलेली मर्यादाच सेकंदाला १०४ एमबी आहे. नुसता महागडा रीडर घेऊन ती सहसा वाढत नाही. आणि अल्बमचे हजारो छोटे फोटो कॉपी करताना तर सगळेच रांगायला लागतात, दर फाइलला उघडा-लिहा-बंद करा हा सोपस्कार असतोच.

(दृश्य: कॉपीची खिडकी. आकडा: ३५ एमबी.)

आता हा ३५ चा आकडा नीट बघा. एसएसडी एवढी हळू नसते, हार्ड डिस्कसुद्धा नसते. हा यूएसबी २.० चा आकडा आहे. पोर्टात डोकावलं तर आत निळं प्लास्टिक आहे, म्हणजे पोर्ट ठीक. मग उरली केबल. पांढरी, लांब, मऊ. मोबाइलच्या चार्जरसोबत आलेली.

अशा बऱ्याच केबलींत चार्जिंगच्या तारा असतात आणि यूएसबी २.० च्या दोन. जास्त वेगासाठी लागणाऱ्या तारा आत घातलेल्याच नसतात. बाहेरून मात्र काही कळत नाही, टोक हुबेहूब सारखंच.

"ते खोक्यातली आखूडवाली लावून पाहा ना जी."

(दृश्य: केबल बदलली. आकडा: ४१०.)

पुढची चार-पाच मिनिटं हा आकडा असाच राहतो, मग हळूहळू उतरतो. एसएसडी हातात घेतली तर चटका बसतो. तापली की ती स्वतःच वेग कमी करते, आणि विदर्भातल्या मे महिन्यात तापायला तिला फार कष्ट पडत नाहीत. ती लॅपटॉपच्या गरम पाठीवर ठेवण्यापेक्षा टेबलावर मोकळी ठेवलेली बरी.

थंडरबोल्ट आणि यूएसबी-४ या नव्या जोडण्या आता ४० गिगाबिट आणि त्याच्याही पुढे जातात. ड्राइव्हवरूनच थेट एडिट करायचं असेल तर ते पैसे वसूल होतील. या स्टुडिओला सध्या तरी त्याची गरज नाही. पाच-सहा चांगल्या डेटा केबली घ्या, दुकानदाराला १० जीबीपीएसची म्हणून नीट सांगा, आणि चार्जिंगच्या केबली या टेबलावरून उचला.