सातबारा कुणाचा बघायचा?

श्रोतेहो, नमस्कार.

तुळशीचं लग्न लागलं आणि आमच्या घरी पुतणीच्या स्थळांची बोलणी सुरू झाली. एक बायोडाटा दिरांनी माझ्यापुढे धरला. मुलगा इंजिनिअर, पुण्यात फ्लॅट, गावी सहा एकर बागायत. "वहिनी, आणखी काय पाहिजे?" पुतणी आत कप विसळत होती. तिचं मन कॉलेजातल्या एका मुलावर आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक. त्याचं तालुक्याला मोटर रिवाइंडिंगचं दुकान, तेही भाड्याच्या गाळ्यात.

दिरांना मी लोभी म्हणणार नाही. लेकीचे हाल होऊ नयेत, एवढीच त्यांची धास्ती. 2022 च्या डिसेंबरात सोलापुरात लग्नाळू तरुण नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले होते. शेती करणाऱ्या मुलाला कुणी मुलगी देत नाही, हे दुःख खरंच आहे. पण त्याबद्दल मुलींना नावं ठेवलेली मला सहन होत नाहीत. पावसावर चालणाऱ्या घरात जायचं, शेतात राबायचं आणि आपल्या नावावर वीतभर जमीन नाही, ती घाबरणारच.

आपण मुलाचा सातबारा मागतो. मुलीचा कुठे असतो? हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्राने 1994 सालीच बदल केला आणि लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला. 2005 साली देशभर तो हक्क लग्न झालेल्या मुलींनाही मिळाला. हा हक्क जन्मानेच येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट सांगितलं.

आणि तरी मी स्वतः हक्कसोडपत्रावर सही केली. वडील गेल्यावर वर्षाच्या आत. निबंधक कार्यालयातल्या यंत्रावर माझा अंगठा उमटेना; भांडी घासून रेषा झिजल्या होत्या. ओल्या फडक्याने पुसून तिसऱ्या खेपेला उमटला. बाहेर आल्यावर भावाने साडी हातात ठेवली. माहेर तुटू नये म्हणून मी ते केलं. त्या साडीची घडी अजून मोडलेली नाही. पुढे यांचं काम सुटलं, तेव्हा मुलाच्या फीसाठी मी शेजारणीकडे हात पसरला.

म्हणून सांगते, प्रेम की पैसा हा पेच जिच्या हाती स्वतःचं काही नसतं तिच्याच गळ्यात पडतो. आणि मुलींनो, ज्याच्यावर जीव जडलाय त्यालाही विचारा: कर्ज किती आहे? हप्ता कुणाच्या पगारातून जाणार? माझा पगार कुणाच्या खात्यात? त्याने प्रेम उणं होत नाही. उत्तर देताना तो चिडला, तर मात्र थांबा.

दिरांना मी म्हटलं, "भाऊजी, पोरीचा वाटा पोरीला द्या आणि मग तिला निवडू द्या." दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कुणाला न सांगता त्या मुलाच्या दुकानात जाऊन तासभर स्टुलावर बसून आले. एक शेतकरी जळालेली मोटर घेऊन आला, हाती पैसे नव्हते. मुलाने उधारी वहीत लिहिली आणि मोटर खोलायला घेतली.

रात्री जेवताना दिर एवढंच म्हणाले, "वही नीट ठेवतो पोरगा."

वाट्याचं अजून बोलले नाहीत. मी विचारणार आहे.