हृदय सुरू झालं. माणूस परत आला का?

[टेबलावर काचेची एक छोटी ॲम्प्यूल. कॅमेरा आधी तिच्यावर, मग चेहऱ्यावर.]

नमस्कार. ही बोटाएवढी काचेची कुपी बघा. आत पाण्यासारखं दिसणारं १ मिलिलिटर औषध आहे, त्यात १ मिलिग्रॅम ॲड्रेनलिन. कुणाचं हृदय बंद पडलं की ही कुपी फुटते. छातीवर दाब चालू असतात, कुणीतरी घड्याळ बघून वेळ सांगत असतं, आणि दर ३ ते ५ मिनिटांनी पुढची कुपी. मी आपत्कालीन विभागात काम करते. आजवर अशा किती फोडल्या, याचा हिशेब कधी ठेवला नाही.

मग कधीतरी तो क्षण येतो. मॉनिटरवरची रेघ उठते, मानेपाशी ठेवलेल्या बोटांना नाडी लागते आणि कुणीतरी 'आली, आली' म्हणतं. खोलीतल्या सगळ्यांचे खांदे एकदम खाली येतात. आज मला त्या क्षणाबद्दल बोलायचंय, कारण संशोधकांनी त्याच्याही पलीकडे जाऊन विचारलं की नाडी तर आली, पण पुढे त्या माणसाचं काय झालं?

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण दोन शब्दांची फार गल्लत होते. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते. त्यात माणूस बऱ्याचदा शुद्धीत असतो, छातीत दुखतंय असं स्वतः सांगतो. कार्डिॲक अरेस्ट म्हणजे हृदय रक्त ढकलायचंच थांबतं. माणूस काही सेकंदांत कोसळतो. अटॅकमुळे अरेस्ट होऊ शकतो, पण दोन्ही एक नव्हेत. आजचा विषय अरेस्ट.

ॲड्रेनलिन आपण का देतो? ते शरीरभरच्या लहान रक्तवाहिन्या आवळतं. त्यामुळे महाधमनीतला दाब वाढतो आणि छाती दाबताना हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला जास्त रक्त मिळतं. स्नायूला रक्त मिळालं की तो पुन्हा चालू व्हायची शक्यता वाढते. तर्क सरळ आहे. इतका सरळ, की अनेक दशकं जगभर हे औषध दिलं गेलं, आणि ते न देता काय होतं हे मोठ्या प्रमाणावर कुणी तपासलंच नव्हतं.

तपासायचा एक प्रयत्न ऑस्ट्रेलियात झाला. सुमारे ५००० रुग्ण घ्यायचे ठरले होते. पण 'मरणाऱ्याला औषध नाकारता?' हा आक्षेप इतका तीव्र झाला की बहुतेक ॲम्ब्युलन्स सेवा बाहेर पडल्या. २०११ मध्ये निष्कर्ष छापून आले तेव्हा हातात जेमतेम ५३४ रुग्ण होते. ठाम उत्तर मिळायला ते पुरेसे नव्हते.

तो आक्षेप मला पूर्ण कळतो. समोर माणूस निपचित पडलेला असताना 'याला खरं औषध की नुसतं सलाईन, हे चिठ्ठी ठरवेल' असं म्हणायला छाती लागते. पण उलट बाजूनेही बघा. ज्याचा फायदा आपण कधी तपासलाच नाही, ते लाखो लोकांना देत राहणं हा सुद्धा प्रयोगच आहे. फक्त त्याची नोंद कुणी ठेवत नाही.

मग ब्रिटनमध्ये ते झालं. पॅरामेडिक-२ नावाची चाचणी, २०१४ च्या अखेरीपासून २०१७ पर्यंत, पाच ॲम्ब्युलन्स सेवा, ८०१४ रुग्ण. निम्म्यांना ॲड्रेनलिन, निम्म्यांना सलाईन. सिरिंज दिसायला सारख्याच, त्यामुळे कोणती कशाची हे देणाऱ्यालाही माहीत नाही. बाकीचे उपचार दोन्ही गटांना नेहमीसारखेच.

तुमच्या मनात आलं असेल की बेशुद्ध माणसाची संमती कशी घेणार? नाहीच घेता येत. अशा संशोधनासाठी वेगळे कायदे आणि वेगळी नैतिक समिती असते, आणि जगलेल्या रुग्णाला किंवा त्याच्या घरच्यांना नंतर सगळं सांगून पुढच्या सहभागासाठी विचारलं जातं. या चाचणीत आणखी एक सोय होती. ज्याला यात यायचंच नाही, त्याने तसं कळवून हातात घालायचं एक कडं मागवायचं. ते मनगटावर दिसलं की त्या माणसाला चाचणीत घ्यायचं नाही. शिवाय, आखणी करतानाच रुग्णांना आणि सामान्य लोकांना विचारलं होतं की तुमच्या लेखी यश कशाला म्हणायचं? लोकांनी सांगितलं, नुसतं जगण्यापेक्षा मेंदू शाबूत ठेवून जगणं जास्त मोलाचं.

२०१८ मध्ये निकाल आला.

[स्क्रीनवर: नाडी परत आली: ३६.३ टक्के / ११.७ टक्के]

ॲड्रेनलिन दिलेल्यांपैकी ३६.३ टक्के लोकांची नाडी परत आली. सलाईन दिलेल्यांपैकी ११.७ टक्के. तिप्पट! म्हणजे आम्हाला खोलीत जे दिसत होतं ते खरंच होतं.

[स्क्रीनवर: ३० दिवसांनी जिवंत: १३० / ९४]

३० दिवसांनी मोजणी केली तेव्हा ॲड्रेनलिनच्या गटात १३० जण हयात, सलाईनच्या गटात ९४. टक्क्यांत ३.२ आणि २.४. फायदा आहे, पण सुरुवातीचं तिपटीचं अंतर कुठे गेलं बघा.

[स्क्रीनवर: मेंदू बऱ्यापैकी शाबूत: ८७ / ७४]

आणि मेंदूचं काम बऱ्यापैकी शाबूत ठेवून घरी गेलेले? ८७ आणि ७४. हा फरक इतका कमी की तो योगायोगानेही पडू शकतो. वाचलेल्यांमध्ये ज्यांच्या मेंदूला गंभीर इजा राहिली, म्हणजे रोजच्या साध्या गोष्टींसाठीही दुसऱ्यावर अवलंबून राहावं लागलं, त्यांचं प्रमाण ॲड्रेनलिनच्या गटात ३१ टक्के आणि सलाईनच्या गटात १७.८ टक्के होतं.

असं का झालं असावं? एक शक्यता अशी की जे औषध वाहिन्या आवळून हृदयाला रक्त मिळवून देतं, तेच मेंदूतल्या सूक्ष्म वाहिन्यांमधला प्रवाह कमी करतं. दुसरी, मला जास्त पटणारी: हृदय दणकट असतं, मेंदू नाजूक. रक्ताविना काही मिनिटांत मेंदूच्या पेशी मरू लागतात. या चाचणीत फोन लागल्यापासून औषध शिरेत जाईपर्यंत साधारण २० मिनिटं गेली होती. इतक्या उशिरा आलेलं औषध हृदयाला ढकलून चालू करू शकतं, मेंदूचा गेलेला वेळ भरून देऊ शकत नाही.

म्हणून ॲड्रेनलिन टाकून द्यायचं का? नाही. मार्गदर्शक तत्त्वांत ते आजही आहे, मीही देते. काही जीव त्याने वाचतात. पण याच शोधनिबंधात आकड्यांची एक छोटी तुलना आहे. ती वाचल्यापासून माझी विचार करायची दिशाच बदलली.

[स्क्रीनवर: ११२ — १५ — ११ — ५]

प्रश्न असा: एक जीव वाचावा म्हणून अमुक गोष्ट किती रुग्णांसाठी करावी लागते? ॲड्रेनलिन ११२ जणांना द्यावं लागतं. जवळच्या माणसाने छाती दाबायला घेतली तर १५. अरेस्ट आहे हे वेळेत ओळखलं गेलं तर ११. आणि हृदयाला लवकर विजेचा शॉक मिळाला तर ५. हे आकडे वेगवेगळ्या पद्धतीच्या अभ्यासांतले आहेत, त्यामुळे किराणा तोलावा तसे एका तराजूत घालू नका. पण अंतर एवढं मोठं आहे की पारडं कुठे झुकतंय हे लपत नाही. ११२ वाला उपाय माझ्या हातात आहे. बाकीचे तीन, ॲम्ब्युलन्स पोचायच्या आधी, तुमच्या.

त्यातलं ओळखणं आधी घेऊ, कारण तिथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. कोसळलेल्या माणसाचा श्वास लगेच पूर्ण थांबतोच असं नाही. पुष्कळदा तो घोरल्यासारखा, आचके दिल्यासारखा, थांबून थांबून तोंड उघडतो. बघणाऱ्याला वाटतं, श्वास चालू आहे, थांबूया. ती थांबण्याची वेळ नव्हे! तो मेंदूच्या तळातून आलेला शेवटचा धक्का असतो, त्या श्वासाने काही भागत नाही. कधी सुरुवातीला हातपाय झटकले जातात आणि फिट आली असं समजून लोक चपला, कांदा शोधायला धावतात. त्यात मिनिटं जातात. नियम साधा ठेवा: हाक मारून, हलवून जागा होत नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, म्हणजे अरेस्ट समजायचा. नाडी शोधत बसू नका, ती आम्हालाही घाईत चुकते.

मग ॲम्ब्युलन्सला फोन करून तो स्पीकरवर ठेवायचा, म्हणजे पलीकडचा माणूस सांगत राहील आणि हात मोकळे राहतील. छातीच्या मध्यावर तळहाताचा मनगटाजवळचा भाग, त्यावर दुसरा हात, कोपरं सरळ. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जायला हवी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर येऊ द्यायची. तोंडाने श्वास देणं शिकलेलं नसेल तर नुसते दाब द्या. बुडालेला माणूस किंवा लहान मूल असेल तर मात्र श्वासही लागतात, तेवढ्यासाठी तरी एकदा शिकून घ्या. फासळी मोडेल? मोडू शकते. फासळी जुळते.

१९६० मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी छाती न उघडता, बाहेरून दाबून रक्त फिरवता येतं हे छापलं. यासाठी फक्त दोन हात लागतात, असं त्यांनी तेव्हाच लिहिलं होतं.

आणि हे एका अख्ख्या देशात करून दाखवता येतं का? डेन्मार्कने दाखवलं. २००५ पासून शाळेत सीपीआर, म्हणजे हेच छाती दाबणं आणि श्वास देणं, शिकवणं सक्तीचं केलं, २००६ पासून वाहन परवान्यासाठी ते शिकणं बंधनकारक केलं, सार्वजनिक जागी शॉक देणारी यंत्रं वाढवली. २००१ मध्ये तिथे अरेस्टच्या २१.१ टक्के घटनांत जवळच्या कुणीतरी सीपीआर दिला होता. २०१० मध्ये ४४.९ टक्के. त्याच काळात ३० दिवस जगणाऱ्यांचं प्रमाण ३.५ वरून १०.८ टक्क्यांवर गेलं. रुग्णालयांतले उपचारही त्या दहा वर्षांत सुधारले, सगळं श्रेय दाबणाऱ्या हातांना देता येणार नाही. पण मोठा वाटा त्यांचा आहे असं माझं मत आहे.

एक आकडा मला बोचतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात सार्वजनिक ठिकाणी कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना बाजूच्यांनी सीपीआर दिला, बायकांपैकी ३९ टक्क्यांना. परक्या बाईच्या छातीला हात कसा लावायचा, हा संकोच त्यामागे असावा असं मानलं जातं. मी एक बाई म्हणून सांगते, हात लावा. दाबायची जागा छातीच्या मधल्या हाडावर आहे, कपडे काढत बसायचीही गरज नाही.

शॉकबद्दलही नवं काम झालंय. काही रुग्णांचं हृदय नुसतं थरथरत राहतं आणि तीन शॉकनंतरही तालावर येत नाही. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये अशा ४०५ रुग्णांवर तीन पद्धती तपासल्या. नेहमीसारखे शॉक दिले तेव्हा १३.३ टक्के रुग्ण जिवंत घरी गेले. शॉक देणाऱ्या यंत्राच्या, अंगाला चिकटवायच्या पॅडची जागा बदलून एक छातीवर, एक पाठीवर लावला तेव्हा २१.७ टक्के. दोन यंत्रांनी पाठोपाठ शॉक दिले तेव्हा ३०.४ टक्के. २०२२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. महामारीमुळे चाचणी ठरल्यापेक्षा लवकर थांबली, त्यामुळे मी टाळ्या वाजवायची घाई करणार नाही. पण पॅड पाठीवर सरकवायला वेगळं यंत्र लागत नाही, खर्च शून्य. हे प्रशिक्षित पथकासाठी आहे बरं का. तुमच्या हाती सार्वजनिक यंत्र आलं तर त्यावरच्या चित्रात दाखवलंय तिथेच पॅड लावा.

बर्फाचंही सांगते, थोडक्यात. २००२ च्या दोन लहान चाचण्यांनंतर नाडी परत आलेल्या बेशुद्ध रुग्णांना, मेंदू वाचावा म्हणून, ३३ अंशांच्या आसपास थंड करायची पद्धत जगभर पसरली. २०२१ मध्ये १९०० रुग्णांची मोठी चाचणी आली. थंड केलेल्यांपैकी सहा महिन्यांत ५० टक्के दगावले, फक्त ताप येऊ न दिलेल्यांपैकी ४८ टक्के. म्हणजे मुद्दाम थंड करून फायदा दिसला नाही. ताप मात्र येऊ द्यायचा नाही.

आता राहिला सगळ्यात कमी आकड्याचा उपाय, ५ वाला. यंत्र माणसापर्यंत पोचवायचं कसं? थरथरणाऱ्या हृदयाला काहीच मदत मिळाली नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. स्वीडनमध्ये यासाठी ड्रोन वापरतात. २०२३ च्या अभ्यासात, जिथे ड्रोन आणि ॲम्ब्युलन्स दोन्ही पोचले, तिथल्या ६७ टक्के घटनांत ड्रोन आधी आला, आणि आघाडी साधारण ३ मिनिटं १४ सेकंदांची होती.

डिसेंबर २०२१ मध्ये ट्रोलहेटन शहरात एक वयस्कर गृहस्थ घरासमोरचा बर्फ उपसताना कोसळले. तीन मिनिटांच्या आसपास ड्रोन यंत्र घेऊन आला, शॉक बसला, ते वाचले. ड्रोनचं जगभर कौतुक झालं, आणि व्हायलाच हवं होतं. पण ड्रोन येईपर्यंत एक माणूस तिथे गुडघे टेकून छाती दाबत होता. कामावर निघालेला एक डॉक्टर होता तो, रस्त्यात गाडी थांबवून उतरलेला. त्याच्या हातात तेव्हा ही कुपी नव्हती.

[ॲम्प्यूल उचलून बाजूला ठेवते. टेबलावर सरावाचा पुतळा.]

चला, हात ठेवायची जागा दाखवते. तुमच्याकडे उशी असेल तर ती जमिनीवर घ्या आणि माझ्याबरोबर दाबा. एक, दोन, तीन, चार...