दुसरी पिशवीही घेऊन या

नमस्कार. मी फिजिशियन आहे, आणि आज मला गोळ्यांच्या पिशवीबद्दल बोलायचंय.

ओपीडीत पेशंट समोर बसले की मी म्हणते, "चालू असलेल्या सगळ्या गोळ्या काढा बरं." बीपीच्या निघतात, शुगरच्या निघतात. मनाच्या गोळ्या मात्र घरीच असतात, कपाटात, साड्यांच्या घडीखाली. कुणीतरी जाता जाता हळूच सांगतं, "झोपेची एक चालू आहे मॅडम." तेही सोबतचं माणूस बाहेर गेल्यावर.

ही पिशवी लपवू नका, कारण पोटात गेल्यावर दोन्ही पिशव्या एकच होतात.

नैराश्य आणि चिंता, दोन्हींसाठी वेन्लाफॅक्सिन देतात. त्याने काहींचं बीपी चढतं, डोस वाढेल तसं जास्त. मला ते माहीतच नसेल, तर मी बीपीची आणखी एक गोळी लिहून मोकळी होणार! एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन या नैराश्याच्याच दुसऱ्या गोळ्यांनी बीपी सहसा वाढत नाही. पण सोबत लघवी वाढवणारी बीपीची गोळी असेल, क्लोरथॅलिडोनसारखी, तर रक्तातलं सोडियम उतरू शकतं, वयस्कर बायकांमध्ये विशेष. थकवा, मळमळ, तोल जाणं, बोलण्यात गोंधळ. घरचे म्हणतात, "वय झालं." सोडियमची साधी रक्ततपासणी करा. पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन या नैराश्याच्या गोळ्यांमुळे मेटोप्रोलॉल हे बीपीचं औषध अंगात जास्त साठतं आणि नाडी फार मंदावू शकते. लिथियम हे मनाच्या आजाराचं औषध चालू असेल तर बीपीच्या बऱ्याच गोळ्यांनी त्याची पातळी धोक्यापर्यंत जाते. तिथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही सुरू करायचं नाही.

"बीपीच्या गोळीने डिप्रेशन येतं का?" हा प्रश्न कमेंटमध्ये सारखा येतो, आणि या भीतीला इतिहास आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली सर्पगंधेने बीपी उतरतं हे जगापुढे मांडलं. पुढे तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं, जगभर वापरलं, आणि ते घेणाऱ्या काही जणांना नैराश्य आल्याच्या नोंदी होऊ लागल्या. मेंदूतल्या रसायनांचा आणि मनाचा संबंध शोधायला त्यातूनही मोठी चालना मिळाली. आता रेसर्पिन क्वचितच देतात. बीटा ब्लॉकरने, म्हणजे मेटोप्रोलॉलसारख्या नाडी मंद करणाऱ्या बीपीच्या गोळ्यांनी, झोप बिघडू शकते, विचित्र स्वप्नं पडतात. नैराश्य येतं याला मात्र भक्कम पुरावा नाही. म्हणून ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. एकदम सोडली तर बीपी आणि धडधड दोन्ही उसळतात.

पुरुषांचं एक दुखणं मी स्पष्टच बोलते. गोळ्यांनी लैंगिक इच्छा किंवा ताठरता कमी झाली की ते बायकोलाही सांगत नाहीत, डॉक्टरांनाही नाही. गोळी मुकाट बंद करतात. अहो, गोळी बदलता येते, फक्त सांगा. बायकांचं वेगळंच. धडधड होते म्हटलं की "टेन्शन घेऊ नका" म्हणून घरी पाठवतात, बीपी न मोजताच. याचा मला खरंच राग येतो. आणि दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल, तर टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल या बीपीच्या गोळ्या चालत नाहीत, लगेच डॉक्टरांना गाठा. गरोदरपणात बीपीसाठी मिथाइलडोपा दिलं असेल तर बाळंतपणानंतर ते लवकर बदलून घ्या. आधीच मन हळवं असतं, त्यात याने नैराश्य वाढू शकतं.

आता मोजणं. दवाखान्यात भीतीनेच बीपी चढतं. घरी 7 दिवस, सकाळ-संध्याकाळ मोजा. आधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून 5 मिनिटं गप्प बसा. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून वहीत लिहा. घरचं सरासरी 135/85 किंवा वर असेल तर वही घेऊन या. दिवसातून दहा वेळा मशीन लावू नका, त्या आकड्याच्या धास्तीनेच आकडा वाढतो.

180/120 च्या वर गेलं आणि छातीत दुखतंय, धाप लागतेय, तोंड वाकडं झालंय, तर थेट हॉस्पिटल. तसं काही नसेल तर शांत बसा, 5 मिनिटांनी परत मोजा, तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

आणि जगणंच नकोसं वाटत असेल तर टेली मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. नंबर स्क्रीनवर ठेवतेय, आत्ताच सेव्ह करा.