चौकटीतला अहवाल

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो, निमंत्रणपत्रिकेवर ‘पुण्याच्या भूजलाची पन्नास वर्षे’ असा भारदस्त विषय छापला आहे खरा. पण आधी मला एका चौकटीविषयी बोलायचे आहे. आमच्या सोसायटीच्या कार्यालयात गणपतीच्या तसबिरीशेजारी बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल काच लावून टांगलेला आहे. त्यावर ‘पिण्यास योग्य’ असा शेरा असून तारीख ऑक्टोबर २००४ ची आहे. गेल्या उन्हाळ्यात मी सेक्रेटरींना म्हटले, की पाणी पुन्हा तपासून घेऊ या. ते म्हणाले, “काका, अहवाल आहे की आपल्याकडे!” मी विचारले, की तुमच्या रक्तातील साखर लग्नाच्या वेळी किती होती? त्यांनी ती अभिमानाने सांगितलीसुद्धा. (हशा) त्याच कार्यालयातील चहाच्या पातेल्याच्या बुडाशी नखाने खरवडूनही न निघणारा पांढरा थर बसला आहे. तो त्या अहवालापेक्षा अधिक ताजा आणि अधिक प्रामाणिक आहे.

बोअर आणि आड यांना आपण अडीअडचणीचे सोबती मानतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचा बांध गेला, आणि नळांवर विसंबलेल्या शहराला वाड्यांतले आड पुन्हा आठवले. कात्रजहून हौदांत येणाऱ्या पेशवेकालीन पाण्याबद्दल तर मी तासभर बोलू शकेन. परंतु संयोजकांची चिठ्ठी आली आहे, ‘पाच मिनिटे’. तेव्हा मूळ विषय घाईने मांडतो.

पुण्याखाली काळा पाषाण आहे. मुरूम, मांजऱ्या (म्हणजे बारीक पोकळ्यांचा) खडक आणि भेगा यांतून पाणी खाली उतरते; वाळूच्या थरातून गाळले जावे तसे ते येथे फारसे गाळले जात नाही. शोषखड्ड्यांतले आणि गळक्या मैलावाहिन्यांतले पाणीही त्याच वाटेने जाते. त्यातील अमोनियाचे जिवाणूंमुळे नायट्रेट होते, जे मातीला धरून राहत नाही, ज्याला रंग, वास वा चव नसते, आणि जे उकळल्याने कमी न होता पाणी आटेल तसे दाट होते. पाण्याच्या कठीणपणाला, म्हणजे पातेल्यात तो पांढरा थर बसवणाऱ्या क्षारांना, भारतीय मानकात लिटरमागे २०० मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा असून दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत सवलत आहे. नायट्रेटला मात्र ४५ च्या पुढे सवलत नाही, कारण तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता त्यामुळे घटते. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली. अशा ठिकाणी इमारती आधी येतात, मैलावाहिन्या मागाहून. शिवाय गळतीचे पाणी विहिरी भरत राहते, त्यामुळे पातळी टिकली म्हणून गुणवत्ताही टिकली असे समजू नये.

पाण्याच्या गुणवत्तेतला हा बदल एका अहवालात दिसणे शक्य नाही. पावसाळ्यानंतर एकूण क्षार विरळ होतात, तर नायट्रेट धुऊन खाली उतरल्याने कधी वाढलेलेही आढळते. म्हणून तीच विहीर, तेच महिने, मे आणि ऑक्टोबर, दरवर्षी तपासावी आणि आकडे वहीत एकाखाली एक लिहावेत. घंटा वाजली. ज्यांनी पाण्याचे नमुने आणले आहेत त्यांनी बाटल्या मागच्या टेबलावर ठेवाव्यात, आणि कृपा करून प्रत्येक बाटलीवर तारीख लिहावी.