कुबेराचं तळं, सरस्वतीचं तळं

श्रोतेहो, नमस्कार.

रेडिओवरून रंगांबद्दल बोलायचं म्हणजे जरा अवघडच काम. पण आज मी ते अंगावर घेतलंय. कारण ज्या तळ्यांविषयी सांगणार आहे, त्यांचे फोटो पाहून गेलेला माणूस तिथे पोचल्यावर हमखास गोंधळतो. फोटोत होतं ते पाणी समोर नसतंच, दुसरंच काहीतरी असतं. तेव्हा फोटो न पाहता ऐकणारे तुम्ही लोक माझ्या दृष्टीनं फायद्यातच आहात.

जपानमध्ये फुकुशिमा प्रांतात बांदाई नावाचा ज्वालामुखी आहे, 1816 मीटर उंचीचा. त्याच्या उत्तरेच्या अंगाला जंगलात तळ्यांचा एक पुंजका आहे. त्याचं नाव गोशिकिनुमा. गो म्हणजे पाच, शिकि म्हणजे रंग, नुमा म्हणजे तळं. पाच रंगांची तळी. प्रत्यक्षात तळी पाचापेक्षा जास्त आहेत, आणि रंग मोजायच्या भानगडीत मी पडणार नाही.

फुकुशिमा म्हटल्यावर मनात काय आलं असेल, ते ओळखते. 2011 साली अपघात झाला ते अणुऊर्जा केंद्र पूर्वेला समुद्रकाठी आहे आणि ही तळी डोंगराळ पश्चिमेला, सुमारे शंभर किलोमीटर आत. मध्ये डोंगररांगा आहेत. आम्ही निघालो तेव्हा घरात पहिला प्रश्न हाच आला होता, म्हणून आधीच सांगून टाकलं.

आम्ही म्हणजे मी आणि माझी ताई. टोकियोहून शिनकानसेननं कोरियामाला साधारण 80 मिनिटं, तिथून लहान गाडीनं इनावाशिरो, आणि पुढे अर्धा तास बस. बसच्या खिडकीतून बांदाई डोंगर दिसायला लागला की एक गंमत होते. इनावाशिरोच्या बाजूनं तो अगदी देखणा, चित्रात काढावा तसा. बस वळसा घालून मागे गेली की तोच डोंगर फाटलेला दिसतो. अर्धा पोखरून टाकावा तसा. उराबांदाई म्हणतात त्या बाजूला, म्हणजे बांदाईची मागची बाजू.

हे फाटणं घडलं 15 जुलै 1888 रोजी, सकाळी. डोंगराच्या पोटातल्या पाण्याची वाफ झाली, दाब वाढत गेला आणि स्फोट होऊन उत्तरेकडचा सगळा उतारच कोसळला. लाव्हा आलाच नाही. आली ती दगडमातीची लाट. पायथ्याची गावं तिच्याखाली गेली, 477 माणसं मेली. दगडमातीनं नद्या अडल्या, पाणी तुंबलं आणि हिबारा, ओनोगावा, आकिमोतो असे मोठे तलाव तयार झाले. खोलगट जागांत शेकडो लहान तळी साचली. आपण ज्यांचे रंग बघायला जातो, ती हीच. हिबाराच्या तळाशी त्याच नावाचं जुनं गाव आहे. पाणी खूप उतरलं की तिथल्या देवळाचं तोरी, म्हणजे प्रवेशाची कमान, वर डोकावते.

पहिल्याच तळ्याकाठी एक स्मारक आहे. जपानच्या रेड क्रॉसनं युद्ध नसताना मदतीला जाण्याची पहिली वेळ म्हणजे हा उद्रेक, त्याची आठवण म्हणून. बहुतेक लोक त्याच्याकडे पाठ करून फोटो काढतात. आम्हीही काढले, खोटं कशाला बोलू.

ह्या पहिल्या तळ्याचं नाव बिशामोन. बिशामोनतेन हा जपानी देव म्हणजे मूळचा वैश्रवण, आपला कुबेर. पुढे एक बेनतेन तळं लागतं. बेनतेन म्हणजे सरस्वती. बौद्ध धर्माबरोबर हे देव चीनमार्गे तिकडे गेले आणि तिथलेच होऊन राहिले. ह्या पुंजक्यात सगळ्यांत मोठं तळं कुबेराचं आणि दुसऱ्या नंबरचं सरस्वतीचं. ताई म्हणाली, "घ्या, इथेही तेच!"

आणखी एक तळं आहे रुरी नावाचं. रुरी म्हणजे गडद निळा लाजवर्द. हा शब्द आपल्या वैडूर्याचा दूरचा वंशज. आपल्याकडे वैडूर्य म्हटलं की लसण्या. शब्द जपानला पोचेपर्यंत वाटेत खडाच बदलला.

आता रंगांकडे येते. कुबेराच्या तळ्यावर आम्ही पोचलो तेव्हा आभाळ भरलेलं होतं. पाणी दिसलं शेवाळी, त्यात थोडं दूध मिसळल्यासारखं. मला वाईट वाटलं, मनात म्हटलं, एवढ्यासाठी आलो? तिथे वल्हवायच्या नावा भाड्यानं मिळतात. ताईला नावेत बसायचं होतं, मला नव्हतं, म्हणून काठावरच वाद घालत उभ्या राहिलो. पाण्यात मोठाले कोई मासे फिरत होते. त्यांतल्या एका पांढऱ्या माशाच्या अंगावर बदामाच्या आकाराचा लाल ठिपका आहे, असं म्हणतात. तो दिसला की भाग्य उजळतं म्हणून लोक त्याला शोधत असतात. आम्हाला दिसला नाही. पण तेवढ्यात ढग सरकले, आणि पाणी बदललं. आधी काठाजवळ हिरवं, मग मध्ये निळं, मग सगळंच्या सगळं आतून दिवा लावल्यासारखं. जेमतेम दोन मिनिटं. पुन्हा ढग आले आणि पुन्हा शेवाळी.

हे का होतं, ते मला आधी कळलं असतं तर मी वाईट वाटून घेतलं नसतं. ज्वालामुखीच्या पोटातून झिरपत येणारं पाणी आम्लधर्मी असतं. ते खडकांतून अॅल्युमिनियम आणि सिलिका विरघळवून आणतं. बाहेर आल्यावर साध्या झऱ्यांचं पाणी त्यात मिसळतं, आम्लपणा उतरतो आणि विरघळलेलं द्रव्य अतिसूक्ष्म कणांच्या रूपात पाण्यात तरंगायला लागतं. अॅलोफेन म्हणतात त्याला. ऊन ह्या कणांवर पडलं की त्यातला निळा भाग जास्त विखुरला जातो आणि आपल्या डोळ्यांकडे परततो. प्रत्येक तळ्यात आम्ल पाणी किती आणि गोडं किती, हे प्रमाण वेगळं. कण कमीजास्त, खोली वेगळी, तळाचा गाळ आणि वनस्पती वेगळ्या. म्हणून शेजारशेजारची तळी असूनही एकीचा रंग दुसरीला नाही. आणि वर आभाळ कसं आहे, त्यावर तर सगळंच अवलंबून.

त्यामुळे माझा सल्ला असा, की एका तळ्यावर निदान पंधरा मिनिटं उभं राहा. येणाऱ्यांपैकी बरेच जण बिशामोन पाहतात, फोटो काढतात आणि परत बसमध्ये बसतात. पायवाट पुरती चार किलोमीटरही नाही, चढउतार किरकोळ. रमतगमत दीड तास धरा, थांबत गेलात तर दोन. प्रवेशाला पैसे लागत नाहीत. सुरुवातीलाच पर्यटकांसाठी माहिती केंद्र आहे. परत फिरायचीही गरज नाही, वाट दुसऱ्या टोकाला हिबारा तलावापाशी निघते आणि तिथे बस मिळते. बसा कमी असतात, तेवढी वेळ पाहून ठेवा. अस्वलांबद्दलच्या पाट्या आहेत, त्या गमतीखातर लावलेल्या नाहीत. पिशवीला छोटी घंटा बांधलेली बरी.

दुसरं तळं आका, म्हणजे लाल. पाणी मात्र हिरवट! लाल काय, तर काठचं गवत. पाण्यातल्या लोहाचा गंज त्याच्या बुडख्यांवर चढलाय. त्याच्या पुढचं मिदोरो. एकाच तळ्यात तीन रंग, इकडे तांबूस, तिकडे पोपटी, मध्ये निळसर, आणि कुठे एक संपून दुसरा सुरू होतो ते सापडत नाही. तात्सु झाडांमागे लपलेलं, ओझरतं पाहून पुढे जावं. सरस्वतीचं तळं ऐसपैस आहे. रुरीच्या काठावरून मागे फाटका बांदाई दिसतो, म्हणजे जखम आणि तिच्यातून साचलेलं पाणी एकाच नजरेत.

पण मला सगळ्यांत आवडलं ते आओ. लहानसं तळं, दुधी निळं. त्यात पडलेल्या काटक्यांवर आणि पानांवर पांढरी पुटं चढलेली. जपानीत आओ हा शब्द निळ्यालाही चालतो आणि हिरव्यालाही. इथे उभं राहिल्यावर वाटलं, शब्द बरोबर आहे, आपणच उगाच दोन केलेत.

वाटेतली झाडी इतकी दाट आहे की ती कायमची असावी असं वाटतं. उद्रेकानंतर इथे नुसता दगडमातीचा माळ होता. एंदो गेन्मु नावाच्या आइझु-वाकामात्सुच्या व्यापाऱ्यानं 1910च्या सुमाराला पदरमोड करून लाल पाइनची हजारो रोपं लावली. त्याची कबर ह्याच परिसरात आहे. 1950 साली हा भाग बांदाई-आसाही राष्ट्रीय उद्यानात आला. ऑक्टोबरच्या अखेरीस पानगळीचे रंग पाण्यात पडतात तेव्हा गर्दी फार होते. आम्ही जूनमध्ये गेलो, पावसाची भुरभुर होती, वाट जवळजवळ रिकामी. हिवाळ्यात लोक बर्फावर चालायचे रुंद जाळीदार जोडे घालून हीच वाट चालतात. पांढऱ्या बर्फात ते निळं पाणी कसं दिसत असेल, ते बघायला एकदा जायचंय.

शेवटचं तळं यानागी, म्हणजे वाळुंज. साधं पाणी, साधा रंग, पण डोळ्यांना तेव्हा तेच हवं असतं. बसला वेळ होता म्हणून ताईनं आईला फोन लावला. आईला हल्ली नीट दिसत नाही, फोटो पाठवून उपयोग नसतो. ताई बराच वेळ निळं, हिरवं, निळसर हिरवं असं करत राहिली. शेवटी आई वैतागून म्हणाली, "अगं, नीट सांग. मोरपिशी की चिंतामणी?"

ताईनं जरा विचार केला आणि म्हणाली, "ऊन होतं तोवर चिंतामणी."